मासे ओळखायचं वॉटरप्रूफ कार्ड: घ्या, पण कुठल्या समुद्राचं ते बघून घ्या

आधीच सांगते, हा रिव्ह्यू एका नाही दोन कार्डांचा आहे, एक अक्षरशः पाण्यात गेलं आणि दुसरं वसूल झालं. दोन्हीच्या कंपन्यांची नावं देत नाहीये कारण पहिल्यात चूक निम्मी माझीच होती.

अंदमानला जायचं ठरलं तेव्हा पुतणीने (अकरावीत आहे, बायोलॉजीवाली) हट्ट धरला की काकू नुसतं 'वॉव वॉव' करत पाण्यात तरंगायचं नाही, मासे ओळखायचे. म्हणून ऑनलाइन एक लॅमिनेटेड कार्ड मागवलं, साडेचारशे रुपये, दोन्ही बाजूंनी चाळीसेक माशांची चित्रं, कोपऱ्यात भोक पाडून दोरी, छान. नीलला, म्हणजे आताच्या शहीद द्वीपला, भरतपूर बीचवर उतरलो आणि उतरल्या उतरल्या समोर पिवळसर पाठीचा काळ्या पट्ट्यांचा मासा, कार्डावर बघितलं तर हुबेहूब सार्जंट मेजर! आम्ही खूश. त्यानंतर दोन तास एकही मासा जुळेना. संध्याकाळी हॉटेलवर चष्मा लावून खालची बारीक अक्षरं वाचली तर कार्ड कॅरिबियनचं! तिथला सार्जंट मेजर आणि आपल्याकडचा हे चुलतभाऊ, दिसायला सारखे पण जात वेगळी, आणि त्या एका भावामुळे आमचा अख्खा दिवस वाया गेला. क्वीन एंजलफिश, चार डोळेवाला बटरफ्लायफिश, स्टॉपलाइट पॅरटफिश, हे सगळे अटलांटिकवाले, आपल्या समुद्रात जन्मभर शोधलेत तरी दिसायचे नाहीत. कुठल्याच लिस्टिंगमध्ये हे ठळक लिहिलेलं नसतं, तेव्हा 'इंडो-पॅसिफिक' (म्हणजे हिंदी आणि प्रशांत महासागर) किंवा 'हिंदी महासागर' असं लिहिलेलं असेल तरच घ्या.

दुसरं कार्ड हॅवलॉकला (स्वराज द्वीप म्हणायचं आता, बोटवाले अजून हॅवलॉकच म्हणतात) एका डायव्हिंगच्या दुकानात मिळालं, सातशे रुपये. महाग वाटलं, पण हे खरं कामाचं निघालं कारण यात मासे रंगावरून नाही, घराण्यावरून लावलेत. पाण्यात रंगावर विसंबलात तर फसलातच. लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी मरतो, चार-पाच मीटर खालचा लालभडक मासा वरून मळकट तपकिरी दिसतो, आणि स्नॉर्कलवाले, म्हणजे तोंडात नळी धरून वरवर तरंगणारे, तर आपण वरूनच बघणार. त्यामुळे आधी तोंड बघायचं, मग शेपूट, मग पोहतो कसा ते. अंग न हलवता बाजूचे पर वल्ह्यासारखे मारत जातोय म्हणजे बहुतेक रॅस नाहीतर पॅरटफिश. शेपटीच्या मुळाशी चाकूच्या पात्यासारखा काटा असेल तर सर्जनफिश. ताटलीसारखा चपटा, टोकदार तोंडाचा आणि बरेचदा जोडीने फिरणारा म्हणजे बटरफ्लायफिश. एवढं डोक्यात बसलं की पाण्यात कार्ड काढायची गरजच पडत नाही, आणि खरं सांगायचं तर काढताही येत नाही, एका हातात तरंगायची रिंग, मास्कवर वाफ, लाट आली की दोरी गळ्याभोवती. सकाळी चहाबरोबर वाचायचं, दुपारी आल्यावर भांडत भांडत टिकमार्क करायचे.

भांडण म्हणजे मूरिश आयडॉलवरून. पाठीवर लांब पांढरी झालर, काळे-पांढरे-पिवळे पट्टे. पुतणी म्हणे मूरिश आयडॉल, मी म्हणे बॅनरफिश. कार्डावर दोघं शेजारीशेजारी छापलेत म्हणून निकाल लागला, शेपूट काळी तर आयडॉल, पिवळी तर बॅनरफिश. काकू हरली.

सगळ्यात मजा पॅरटफिशची. एलिफंट बीचला डोकं पाण्यात घातलं की कोणीतरी कुरुम कुरुम चिवडा खातंय असा आवाज येतो, तो हाच, चोचीने कोरलवरचं (प्रवाळावरचं) शेवाळ खरवडत असतो. सोबत पोटात गेलेला चुनखडीचा चुरा मागून वाळू बनून बाहेर, आणि आपण त्या पांढऱ्या वाळूवर लोळून फोटो काढतो!

आता तक्रारी. एकतर प्रत्येक माशाचं एकच चित्र, ते पण मोठ्या झालेल्याचं. एम्परर एंजलफिशचं पिल्लू गडद निळं आणि त्यावर पांढरी गोल गोल वलयं, मोठा झाला की निळा-पिवळा आडव्या पट्ट्यांचा, दोघांचा काही संबंध आहे असं वाटणारच नाही. शास्त्रज्ञसुद्धा फसले होते, पिल्लाला वेगळी जात समजून निकोबारवरून नाव देऊन बसले, मग आमची काय कथा. पॅरटफिशचं तेच, एकाच जातीतले काही राखाडी-तपकिरी, काही हिरवे-निळे, आणि तपकिरी मादी पुढे रंग बदलून नर होऊ शकते. कार्डावर फक्त तो हिरवा.

दुसरं, कार्ड अख्ख्या इंडो-पॅसिफिकचं असल्यामुळे आपल्याकडे नसलेलेही त्यात कोंबलेत. नारिंगी क्लाउनफिश दोन दिलेत, ऑसेलॅरिस आणि पर्क्युला, जवळपास जुळे. पर्क्युला पार न्यू गिनी-ऑस्ट्रेलियाकडचा, तेव्हा अंदमानात दिसला तो ऑसेलॅरिस, डोकं खाजवू नका. तिसरं आणि महत्त्वाचं, धोक्याची खूण कुठेच नाही. टायटन ट्रिगरफिश अंड्यांवर बसलेला असेल तर चावायला धावतो, आणि तो राखतो तो भाग खालून वर रुंदावत जातो, म्हणून वर न पळता आडवं लांब पोहत जायचं. हे गाईडने सांगितलं, कार्डाने नाही.

गाईडबद्दल थोडं. पोरगं चांगलं होतं, पोहायला माशासारखं, पण त्याच्या लेखी मासे दोनच, 'रंगीन मछली' आणि 'वो सिनेमावाली' (म्हणजे निमो, क्लाउनफिश). पण आम्ही कार्ड दाखवून क्लीनर रॅस विचारला तर बरोबर एका खडकापाशी नेऊन थांबवलं. तिथे मोठमोठे मासे तोंड वासून उभे आणि बोटाएवढा निळ्या-काळ्या पट्ट्यांचा मासा त्यांच्या गालफडात शिरून साफसफाई करतोय, न्हाव्याच्या दुकानात रविवारी नंबर लावतात तसं. वीस मिनिटं हललो नाही. शेजारच्या ग्रुपमध्ये पाव टाकून मासे गोळा करत होते, तसला गाईड असेल तर नको सांगा, पावाभोवती नुसती सार्जंट मेजरांची झुंबड उडते आणि बाकी काही दिसत नाही.

आणि कोरल सगळीकडे रंगीत असेल ही अपेक्षा ठेवू नका. २०१० आणि २०१६ ला पाणी तापून अंदमानात बरंच कोरल पांढरं पडलं होतं, मेलेल्याचे ढीग अजून दिसतात. त्या ढिगांवर कोरलचे पॉलिप (कोरल बनवणारे इवलेसे जीव) खाणारे बटरफ्लायफिश जवळजवळ नव्हतेच, जिवंत भागात आलो की जोड्या सुरू. कार्ड नसतं तर हे लक्षातच आलं नसतं. (तो मेलेला तुकडासुद्धा आठवण म्हणून पिशवीत टाकू नका, कायद्याने गुन्हा आहे.)

डिसेंबरात हेच कार्ड मालवणला नेलं, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ. पाणी अंदमानाइतकं नितळ नाही, हात दोन हात पुढचं दिसतं, कार्डावरचे सहाच जुळले. बोटवाल्या काकांनी कार्ड हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि ग्रूपरवर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो गोबरो. सार बरा जाता ह्येचा." ही माहिती कार्डावर नाही, म्हणून एक स्टार कापलाय. पाचपैकी चार.