हाताने विणलेले लोकरी मोजे: हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत वापरून

हातविणीच्या मोज्यांचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, ऊब मिळते का? मिळते, भरपूर मिळते. पण आईने आणि मी हे मोजे इतके महिने घातल्यावर मला सर्वांत मोलाचं वाटतं ते माप. दुकानातल्या बहुतेक मोज्यांवर ‘फ्री साइज’ लिहिलेलं असतं आणि आईचा पाय त्या साइजमध्ये कधीच बसला नाही.

आई नाशिकला असते. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या यायला लागल्या की घरातल्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही. त्यात संध्याकाळी तिच्या पावलांवर आणि घोट्यांवर सूज येते. तयार मोज्यांचं इलॅस्टिक पोटरीत रुतायचं, रात्री मोजा काढला की वळ उठलेला असायचा. डॉक्टरांचे उपचार चालू आहेतच, पण रोज पायात घालायचं तरी टोचू नये, रुतू नये, एवढ्यासाठी मी सुया हातात घेतल्या.

मोजा पायाच्या घेरापेक्षा साधारण दहा टक्के लहान विणायचा असतो. घातला की ताणला जातो आणि पायावर नीट बसतो, खाली सरकत नाही. माझ्या हाताला 2.5 मिमीच्या सुयांवर इंचाला 8 टाके बसतात. माझ्या चवड्याचा घेर 9 इंच, म्हणून माझ्यासाठी 64 टाके. आईचं माप मात्र दोनदा घेतलं. सकाळी 8 इंच भरलं, संध्याकाळी साडेआठ. मी संध्याकाळचं धरलं आणि 60 टाके घातले. पायाला सूज येणाऱ्या कुणासाठीही विणत असाल तर माप संध्याकाळीच घ्या, हे मी अगदी आग्रहाने सांगेन. टाके दोन नंबर जाड सुईवर घातले, म्हणजे वरची कड आवळत नाही. घोट्यापासून वरचा सगळा भाग दोन सुलट, दोन उलट विणला. या विणीला स्वतःचा ताण असतो, इलॅस्टिक लागतच नाही. आता रात्री तिच्या पोटरीवर विणीची पुसट नक्षी उमटलेली दिसते, पण वळ नसतो.

पंज्याच्या टोकाला शिवण घातली नाही. दोन सुयांवरचे उरलेले टाके बोथट सुईने एकमेकांत असे गुंफले की वरून विणल्याचीच ओळ दिसते. ‘अगं, बोटांशी काही लागतच नाही,’ हे तिचं पहिल्याच दिवशीचं म्हणणं आणि आजही तेच.

लोकरीबद्दल. दोन्ही जोड्या 75 टक्के मेरिनो मेंढीची लोकर आणि 25 टक्के नायलॉन असलेल्या, खास मोज्यांसाठी मिळणाऱ्या बारीक लोकरीच्या आहेत. 100 ग्रॅमच्या लडीत 400 मीटरच्या वर धागा निघतो आणि मोठ्या माणसाची एक जोडी आरामात होते. महाग पडते, हजाराच्या पुढेच. त्याआधी मी आपल्याकडे सगळीकडे मिळणाऱ्या अ‍ॅक्रिलिकची एक जोडी विणली होती. स्वस्त, रंग सुंदर, धुवायला सोपी. पण अ‍ॅक्रिलिक घाम शोषत नाही, पाय आतल्या आत ओलसर राहतो आणि मग गारच पडतो. खरी लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओलावा पोटात घेते, तरी हाताला कोरडी लागते. स्वेटरला, बाळाच्या टोपीला अ‍ॅक्रिलिक चालेल. मोज्यांसाठी मी ते पुन्हा घेणार नाही.

टिकाऊपणात मला जे दिसलं ते प्रत्येक पायाचं वेगळं आहे. टाचेचा पट्टा मी एक टाका न विणता सरकवायचा, पुढचा विणायचा अशा पद्धतीने केला. त्यामुळे तिथे दुहेरी जाडी येते. दोघींच्याही टाचा अजून भक्कम आहेत. माझे मोजे पातळ झाले ते चवड्याखाली, कारण मी ते बुटात घालून भरपूर चालते. आईचे झिजले ते अंगठ्याशेजारच्या बोटावर, बरोबर जोडव्याच्या जागी. जोडवी ती काढत नाही आणि तिने काढावीत असं मी कधी म्हणणारही नाही. तिथे आधी लोकर फुलली, मग टाके विरळ दिसू लागले. भोक पडायची वाट न बघता उरलेल्या धाग्याने विरलेल्या टाक्यावर टाका फिरवत ती जागा भरून काढली. एक वाटी मोज्यात उपडी घातली की काम सोपं होतं. तयार मोजा अशा वेळी फेकावा लागतो, हा दुरुस्त होतो. उरलेली लोकर म्हणूनच कधी टाकू नका.

धुणं सोपं आहे, पण सवय लावावी लागते. गार पाणी, लोकरीसाठीचं ईझी, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचे आणि सावलीत आडवे पसरायचे. ओले असताना ही लोकर बरीच सैल वाटते, वाळली की जागेवर येते. पहिल्या काही धुण्यांत बारीक गोळे आले, ते हाताने काढून टाकले. उन्हाळ्यात आईचे मोजे धुऊन, खडखडीत वाळवून, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवले होते. मळका मोजा लोकर खाणाऱ्या कसरीला जास्त आवडतो, त्यामुळे धुतल्याशिवाय ठेवूच नयेत. पावसाळ्यात मी माझे ऑफिसला घालून पाहिले. एसीत उत्तम. पण बूट भिजले त्या दिवशी मोजे दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही ओलसरच होते. जुलैत ते घरातच बरे.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या: गुळगुळीत फरशीवर लोकरी मोजे घसरतात. म्हाताऱ्या माणसांसाठी हे धोक्याचं आहे. मी तळव्यांवर सिलिकॉनचे ठिपके दिले, पण धुता धुता काही निघाले. ते पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. अंगठ्याची चपलही यावर घालता येत नाही, म्हणून आईला रुंद पट्ट्याच्या सपाता आणल्या. मोजे आणि सपाता, दोन्ही मिळूनच ती घरात वावरते आणि बाथरूममध्ये जाताना मोजे काढते.

विणायला वेळ लागतो, रोज संध्याकाळी थोडं थोडं केलं तरी एका जोडीत काही आठवडे जातात. तो वेळ मला जड वाटला नाही. आईच्या पुढच्या जोडीची लोकर आली आहे. तिला या वेळी गडद रंग हवा आहे, तळवे मळलेले दिसू नयेत म्हणून. टाके साठच ठेवणार आहे, पण जोडव्याच्या पट्ट्यात सुरुवातीपासूनच लोकरीबरोबर बारीक नायलॉनचा धागा धरून विणणार आहे.