नाचणारी आणि बघणारा

पणजीत मांडवीवरच्या कसिनो बोटीत नाचणारी बाई आणि समोर बसून तिला बघणारा पुरुष, दोघं एकाच रात्री एकाच हॉलमध्ये असतात, पण सकाळी तो मजा करून आलेला आणि तिला भाड्याची खोली द्यायलाही लोक सतरा प्रश्न विचारणार. लग्नाचं तर सोडाच.

कायदासुद्धा तसाच होता बघा, महाराष्ट्रात 2005 ला डान्सबार बंद केले पण थ्री स्टार आणि वरच्या हॉटेलांना सूट, म्हणजे गरीब गिऱ्हाइकासमोर नाचली तर अश्लील आणि श्रीमंतासमोर नाचली तर मनोरंजन? 2013 ला सुप्रीम कोर्टाने हा भेदभाव मान्य केला नाही.

ती निदान कामाचे पैसे घेते, हा पैसे देऊन बघतो आणि वर तिलाच नावं ठेवतो, याचा मला खरंच राग येतो.