५८ सीसी चेनसॉच्या इंजिनातील बदल : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

इंदूरहून खंडवा रस्त्याने सिमरोलच्या पुढे आमची थोडी शेती आहे. बांधावरची सुबाभूळ, वाळलेली बाभूळ आणि नाल्याकाठची निलगिरी तोडण्यासाठी चार वर्षांपूर्वी मी ५८ सीसीची एक साधी चेनसॉ (साखळीची यांत्रिक करवत) घेतली. यंत्र चालू राही, पण बार (साखळी ज्यावर फिरते ती पट्टी) वाळक्या बाभळीत निम्मा शिरला की इंजिन दबू लागे आणि साखळी थांबे. नवे, मोठे यंत्र घेण्याऐवजी आहे त्याच इंजिनाचे कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण) वाढवून पाहावे, असे ठरवून मागील ऑक्टोबरात मी काम हाती घेतले आणि जूनअखेरपर्यंत जवळजवळ दर रविवारी ते यंत्र वापरले.

आधी मोजमाप केले, आणि हेच सर्वांत महत्त्वाचे काम ठरले. पिस्टन सर्वांत वर आला असता त्याच्या कडेत आणि सिलिंडरच्या माथ्यात किती फट उरते, हे पाहण्यासाठी दीड मिलिमीटर जाडीची सोल्डरची तार प्लगच्या भोकातून आत सिलिंडरच्या भिंतीपर्यंत सरकवायची, फ्लायव्हील हाताने फिरवायचे आणि चेपलेले टोक मायक्रोमीटरने मोजायचे. तार पिस्टनपिनच्या रेषेतच धरावी लागते, कारण इतर दिशांनी पिस्टन किंचित कलतो आणि माप खोटे येते. माझ्या यंत्रात फट १.१ मिमी भरली. सिलिंडरखालचे कागदी गॅस्केट (सांधा घट्ट ठेवणारी चकती) ०.५ मिमी जाडीचे होते. ते काढून त्याजागी उष्णता सोसणाऱ्या सीलंटचा अगदी पातळ थर दिला आणि फट ०.६ मिमीवर आली. याहून कमी करण्याचा मोह मी टाळला, कारण पूर्ण वेगात कनेक्टिंग रॉड ताणतो, बेअरिंगमधली ढिलाई त्यात मिळते आणि पिस्टन माथ्याला आपटू शकतो.

अर्ध्या मिलिमीटरने एवढे काय होणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. ४५.२ मिमी व्यासाच्या सिलिंडरमध्ये अर्धा मिलिमीटर म्हणजे सुमारे ०.८ घन सेंटिमीटर जागा. ज्वलनकक्ष स्वतःच सात-आठ घन सेंटिमीटरचा असतो, तेव्हा हा वाटा लहान नाही. थंड इंजिनावर, रेस पूर्ण उघडी ठेवून, काटा स्थिर होईपर्यंत दोरी ओढली असता आधी १४५ पीएसआय (दाबाचे एकक) दाखवणारा कॉम्प्रेशन गेज नंतर १७० दाखवू लागला. हे आकडे समुद्रकाठच्या गावांतील आकड्यांशी थेट ताडून पाहू नयेत. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्याने येथे हवेचा दाबच सहा टक्क्यांच्या आसपास कमी असतो आणि गेजही त्या प्रमाणात कमी दाखवतो.

सिलिंडर खाली आला की त्याच्या भिंतीतील पोर्टही (वायू आत-बाहेर जाण्याची भोके) खाली येतात. धूर बाहेर सोडणारे एक्झॉस्ट उशिरा उघडते आणि लवकर मिटते, तर पिस्टनच्या खालच्या कडेने उघडझाप होणारे, मिश्रण आत घेणारे इनटेक पोर्ट अधिक काळ उघडे राहते. त्यामुळे सर्वोच्च वेग फारसा वाढला नाही, पण मधल्या वेगातील ओढ स्पष्टपणे वाढली आणि मला तीच हवी होती. फक्त पिस्टन वर असताना त्याची खालची कड एक्झॉस्ट पोर्ट पूर्ण झाकते ना, हे मी सिलिंडर बसवण्यापूर्वी दोनदा पाहिले.

एक चूक सविस्तर सांगतो, कारण ती इतर कोणी करू नये असे मला मनापासून वाटते. पहिल्या सिलिंडरचे एक्झॉस्ट पोर्ट मी छोट्या ग्राइंडरने रुंद करायला गेलो. पोर्टची रुंदी सिलिंडरच्या व्यासाच्या साधारण ६५ टक्क्यांच्या आत, म्हणजे येथे २९ मिमीपर्यंत ठेवायची हे मला ठाऊक होते आणि ती मर्यादा मी पाळलीही. परंतु कड तिरपी घासून गुळगुळीत करण्यात घाई झाली, भिंतीवरच्या कठीण मुलाम्याचा टवका निघाला आणि तिसऱ्याच दिवशी रिंग त्यात अडकून तुटली. सियागंजातून सिलिंडर-पिस्टनचा नवा संच आणावा लागला. त्या नव्या संचाची फट व गॅस्केट पुन्हा मोजले, माप तेच भरले, आणि वरचे सारे आकडे त्याचेच आहेत. त्याच्या पोर्टला मी हात लावलेला नाही आणि लावणारही नाही.

सायलेन्सर उघडणे मात्र अत्यंत फायद्याचे ठरले. मूळ छिद्र बोटाच्या टोकाएवढे होते. त्याशेजारी दुसरे पाडून आतील जाळी जशीच्या तशी ठेवली. मार्च-एप्रिलमध्ये माळव्यात गव्हाची नरवाई (कापणीनंतर उरलेले खुंट) वाळून उभी असते, तेव्हा ठिणगी अडवणारी ती जाळी काढणे हा निव्वळ बेजबाबदारपणा होय. आवाज बराच वाढला आहे, म्हणून कानांवर मफ असल्याशिवाय मी यंत्र सुरू करत नाही.

सायलेन्सर मोकळा झाला की मिश्रण विरळ होते, आणि आजच्या पेट्रोलमधील इथेनॉल स्वतःबरोबर प्राणवायू आणत असल्याने ते आणखी विरळ होते. म्हणून कार्ब्युरेटरचा हाय स्क्रू (पूर्ण रेसवर किती पेट्रोल जावे ते ठरवणारा) पाऊण फेरा उघडावा लागला. खूण अशी की साखळी मोकळी असताना पूर्ण रेसवर आवाज थोडा भरभरा, अडखळता यावा आणि बार लाकडात टेकताच तो स्वच्छ व्हावा. मोकळ्या साखळीवरही आवाज तीक्ष्ण आणि स्वच्छ येत असेल तर इंजिन तेलाविना तापते आहे असे समजावे. तेलाचे प्रमाण मी लिटरला २५ मिलि, म्हणजे ४० : १ ठेवले आहे. काम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवतो. ही सवय लागण्यापूर्वी इथेनॉलने कार्ब्युरेटरचा डायफ्राम कडक होऊन एकदा बदलावा लागला होता.

फ्लायव्हीलची चावी (त्याला दांड्यावर नेमक्या जागी धरणारा छोटा तुकडा) घासून इग्निशन, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, थोडे अलीकडे आणण्याचा प्रयोगही केला. थंडीत तो उत्तम चालला. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर गेल्यावर मात्र भाराखाली इंजिनातून खडखड ऐकू येऊ लागली आणि सुरू करताना दोरी हाताला उलटा हिसका देऊ लागली. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात ही खडखड पिस्टनचा माथा खाऊन टाकते. त्याच आठवड्यात मी नवी चावी बसवून मूळ स्थिती परत आणली.

परिणामाचे म्हणाल तर, सुमारे ३५ सेंमी जाडीच्या एकाच वाळक्या बाभळीच्या ओंडक्यावर, त्याच नव्या धारेच्या साखळीने आधी २६ सेकंद लागत, आता १९ लागतात. पण हा फरक धार असेल तरच राहतो. ०.३२५ इंचाच्या साखळीला ४.८ मिमीची गोल कानस मी आता प्रत्येक टाकीनंतर फिरवतो, कारण बोथट साखळी आता थांबत नाही, ती जोराच्या बळावर रेटत राहते आणि बार तापवते. बारच्या तेलाचा पुरवठाही त्यासाठी वाढवला. दोरी ओढायला पूर्वीपेक्षा जड झाली आहे. घरातील वयस्कर माणसाने हे यंत्र सुरू करू नये.

जूनअखेर सिलिंडर उघडून पाहिला. पिस्टनच्या माथ्यावर फिकट तपकिरी थर होता, कडेला कोठेही आपटल्याची खूण नव्हती, आणि उघडण्यापूर्वी गेज १६५ दाखवत होता. नवी रिंग आणून ठेवली आहे. ती पावसाळ्यानंतर बसवीन.