घरपोच केअरटेकर सेवा, कोल्हापूर : ५ पैकी ४ स्टार

हा रिव्ह्यू पेशंट स्वतः लिहितोय. डाव्या अंगठ्यानं टाईप करतोय, त्यामुळं चुका दिसल्या तर सांभाळून घ्या.

वय ६८. शिवाजी उद्यमनगरात ३१ वर्षं लेथवर उभा राहिलो. पावणेदोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि जीभ अडखळायला लागली. डोकं शाबूत आहे. पण ते समोरच्याला कळायला पाच मिनिटं थांबावं लागतं, आणि थांबतंय कोण?

आधीच्या एजन्सीचं नाव घेत नाही. तिचा करार पोरानं पुण्यातनं केला. सही त्याची, पैसे त्याचे, म्हणून महिन्याचा फोनही त्यालाच : "सर, सर्व्हिस कशी आहे?" हा म्हणायचा, "छान आहे." आणि इकडं मी जानेवारीत पहाटे सहाला गार पाण्यानं दाढी करून घेत होतो, कारण रात्रपाळीच्या मामाला (म्हणजे केअरटेकरला) सातला सुटायचं असायचं. मोबाईल चार्जिंगला लावायचा तो टीव्हीशेजारी, माझा हात पोचणार नाही असा. चहातली साखर बंद. मला शुगर नाही, कधीच नव्हती! मारहाण नाही, शिवीगाळ नाही. त्यामुळं तक्रार म्हणून सांगायला गेलं की हसण्यावारी जायचं.

आता ही एजन्सी. पहिल्या दिवशी त्यांच्या ताई आल्या. पोरगं सुरू झालं, "बाबांना सकाळी..." ताई म्हणाल्या, "दादा, तुमचं नंतर ऐकते." खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. "काका, काय नको आहे ते आधी सांगा." मला 'गार पाणी' म्हणायला अर्धा मिनिट लागला, पण त्यांनी माझा शब्द पुरा करून दिला नाही. ज्याला झटका येऊन गेलाय त्यालाच ह्याची किंमत कळेल.

त्यांच्या फॉर्मात एक रकाना आहे : स्वतःला बोलता आलं नाही तर आपल्या वतीनं कोण बोलणार? पोरगं स्वतःचं नाव लिहायला लागलं. मी मान हलवली आणि तालमीतल्या दोस्ताचं नाव लिहायला लावलं. तो रोज संध्याकाळी येतो, माझं अर्धं वाक्य त्याला कळतं. पोराचं तोंड उतरलं. पण तो सव्वादोनशे किलोमीटर लांब, त्याला माझी दाढी कशी दिसणार?

ताईंनी सांगितलं, की २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात पोटगीचा अर्ज म्हाताऱ्या माणसाला स्वतः करता येत नसेल तर त्यानं अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था करू शकते. त्यावरूनच हा रकाना सुचला. मला पोटगी नको, पोरगं चांगलं आहे. पण 'आपण अधिकार दिलेली' हे शब्द मला आवडले. माझ्या पलंगाशेजारच्या भिंतीवर त्यांनी दोन नंबर मोठ्या अक्षरांत चिकटवलेत : ज्येष्ठांसाठी १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८, आणि मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००. अपंगांना ही मदत मिळायला उत्पन्नाची अट नाही, हेही तेव्हाच कळलं. मोबाईल आता उशाशी असतो.

दर पंधरा दिवसांनी ताई येतात. मामाला चहाला बाहेर पाठवतात आणि मगच विचारतात. नोंदवही माझ्याजवळ राहते. लिहिता आलं नाही तर नुसती फुली मारतो, ताई आल्या की त्या फुलीचं सांगतो.

एक स्टार का कापला? दोन रविवार बदली माणूस आलाच नाही, दोस्तानं सगळं केलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, मामा मोबाईलवर मोठ्यानं रील्स बघतो त्याबद्दल मी बोललो, तर ऑफिसनं दुसऱ्या दिवशी मामाच बदलला. अरे, आवाज कमी करा म्हणालो होतो, माणूस काढा नव्हे! गरीब पोरगं, घर चालवतंय. तक्रार केली की कुणाचीतरी रोजी जाते असं झालं तर माझ्यासारखा पेशंट परत तोंड उघडेल का? दोस्ताला घेऊन ऑफिसात गेलो. दाराला तीन पायऱ्या, रॅम्प नाही (केअरटेकर पुरवणाऱ्यांच्या ऑफिसला!), म्हणून त्यांना रस्त्यावर यावं लागलं. तिथं फूटपाथवरच बोलणं झालं. मामा चौथ्या दिवशी परत आला. आता हेडफोन लावतो.

बारा तासांचे महिना १९ हजार. स्वस्त नाही.

गुरुवारी ताई येणार आहेत. वहीत दोन फुल्या आहेत. खुर्चीचा पट्टा मला न विचारता आवळायचा नाही, ही एक. दुसरी रविवारी रंकाळ्यावर नेण्याबद्दल. मिसळ खाण्याचं ताई डॉक्टरांना विचारून सांगणार आहेत.