चाकण ते न्हावा शेवा कंटेनर ट्रान्सपोर्ट, दोन वर्षांचा अनुभव (५ पैकी ४)

आमचं चाकणला छोटं मशीनिंगचं युनिट आहे, माल जर्मनीला जातो आणि दोन वर्षं झाली या ट्रान्सपोर्टवाल्यांकडूनच ट्रेलर घेतोय. नवीन लोकांना वाटतं सव्वाशे किलोमीटर तर आहे, कुठलीही गाडी चालेल. अहो पण मधे बोरघाट आहे ना! आपण पठारावर, न्हावा शेवा बंदर समुद्राला, लोखंडी मालाने भरलेला डबा (कंटेनर) खंडाळा ते खोपोली ५०० मीटर तरी खाली उतरवायचा असतो.

यांचे ड्रायव्हर काका लोणावळ्याच्या अलीकडे गाडी बाजूला घेतात, टॉमीने (लोखंडी दांड्याने) एकेक टायर ठोकून आवाज ऐकतात, मगच घाटाला लागतात. जुलैत एकदा मी सोबत गेलो होतो, धुक्यात पुढची गाडी दिसेना, काकांनी अख्खा घाट लो गिअरमध्ये उतरवला, एकदाही ओव्हरटेक नाही. गेट-इन झालं, म्हणजे डबा बंदराच्या गेटातून आत गेला, की डब्याच्या सीलचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो, न मागता.

एवढं कौतुक का करतोय, तर आमच्या अख्ख्या भागाचं पोट या रस्त्यावर आहे. न्हावा शेवा १९८९ चं, एक्सप्रेसवे २००२ ला पूर्ण झाला, आणि २००९ मध्ये फोक्सवॅगन, मर्सिडीज दोघांचे प्लांट चाकणला सुरू झाले. सपाट जमीन, पिंपरी-भोसरीत सुटे भाग बनवणारे आधीपासूनचे, आणि घाट उतरलं की बंदर, बाहेरच्या कंपनीला अजून काय पाहिजे? तळेगावला जनरल मोटर्स गेली तर २०२३ मध्ये ह्युंदाईने तोच प्लांट घ्यायचा करार केला. माझा मेहुणा नागपूरजवळ बुटीबोरीला आहे, कामगार चांगले, जागा भरपूर, पण बंदर आठशे किलोमीटरवर, भाड्यातच त्याचा नफा जातो बिचाऱ्याचा. परदेशी गिऱ्हाईक रेट विचारतं तेव्हा हा फरक लगेच कळतो.

एक स्टार कापला कारण मागच्या दिवाळीआधी दुपारी १२ ची गाडी ४ ला पाठवली, तळेगाव-चाकण रोडला जाम, कट-ऑफ (बंदरात डबा पोचवायची शेवटची वेळ) हुकला आणि डबा पुढच्या जहाजावर गेला. गिऱ्हाइकाची बोलणी मी खाल्ली. मालकांनी चूक मान्य करून त्या फेरीचं भाडं घेतलं नाही, हे पण सांगायला पाहिजे. आता मी कट-ऑफच्या आदल्या दिवशीच गाडी मागवतो, तुम्हीही तसंच करा, आणि बुकिंगला रात्री आठनंतर फोन करा, दिवसा मालक यार्डात असतात, उचलत नाहीत.