कोल्हापुरात सायबर चौकाजवळचं झेरॉक्सचं दुकान : शिवाजी विद्यापीठातल्या लोकांनी एकदा तरी जाऊन यावं (४ स्टार, पाचवा का कापला ते खाली)

दुकानाचं नाव टाकत नाही कारण बोर्डावरचं नाव दोन पावसाळ्यात धुऊन गेलंय, आता नुसतं 'झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म' एवढंच वाचता येतंय. दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळे वहिनी म्हणतात, म्हणून आम्ही वहिनींचं दुकान म्हणतो. सायबर चौकातनं विद्यापीठाकडं यायला लागलं की रस्त्याला लागूनच हाय, बाहेर नारळपाण्याची गाडी असती. (बाहेरगावच्या लोकांना वाटतं चौकाचं नाव कुठल्या तरी सायबर कॅफेवरनं पडलंय, तर तसं काय नाय, सायबर ही शिक्षणसंस्था हाय, तिच्यावरनं पडलंय. माझ्या मेव्हण्यानं यावरनं माझ्याशी पैज लावलेली, हरला.)

मी विद्यापीठात शिक्षकेतर, २००७ ला लागलो. म्हणजे १ नोव्हेंबर २००५ नंतरचा, म्हणजे जुनी पेन्शन नाय, एनपीएसवाला (पगारातनं कापून साठवायची ती नवी पेन्शन). हे एवढ्यासाठी सांगतोय की आमच्यासारख्यांच्या आयुष्यात बातम्या लई असतात. डीए (महागाई भत्ता) वाढला, थकबाकी आली, वेतन आयोग बसला, पेन्शनचं काहीतरी झालं, नवीन परिपत्रक निघालं. आणि या सगळ्या बातम्या येतात कुठनं, तर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरनं, त्याबी अर्ध्या. जीआरच्या, म्हणजे शासन निर्णयाच्या, पहिल्या पानाचा वाकडा फोटो, त्याच्यावर कुणीतरी लाल पेनानं गोल केलेला, खाली तीन फटाके आणि 'अभिनंदन मित्रहो'. पुढची पानं कुणी टाकत नाय, वाचत तर त्याहून नाय.

वहिनींच्या दुकानाची खासियत इथंच हाय. तुम्ही मोबाइल पुढं केला आणि म्हणाला याची प्रिंट द्या, तर त्या प्रिंट देत नाहीत, पहिल्यांदा विचारतात, "भावजी, शेवटचं पान कुठाय?"

हे मला कळलं ते २०२३ च्या सुरुवातीला. आमच्या सेक्शनमधल्या एकाला ग्रुपवर जीआर आला, १०-२०-३० चा. ज्यांना माहीत नाय त्यांच्यासाठी, नोकरीत बढती मिळत नसेल तर ठराविक वर्षांनी वरची वेतनश्रेणी द्यायची अशी ती योजना, सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजना असं लांबलचक नाव हाय. आधी १२ आणि २४ वर्षांनी असे दोनच लाभ होते, ते १०, २० आणि ३० असे तीन झाले. गडी एवढा खूश की मधल्या सुट्टीत राजारामपुरीतनं अर्धा किलो पेढे घेऊन आला, साहेबांच्या टेबलावर दोन ठेवले, आणि मला म्हणाला चल जरा चार प्रती काढून आणू, बोर्डावर लावू. गेलो. वहिनींनी शासनाच्या संकेतस्थळावर जाऊन पूर्ण जीआर उघडला आणि सरळ शेवटाला गेल्या. जीआरच्या शेवटी ते वाक्य असतं ना, 'संकेतांक असा आहे', आणि पुढं आकड्यांची आगगाडी, त्या आगगाडीवर त्यांनी बोट ठेवलं. सुरुवातीचे चार आकडे २०१९. म्हणाल्या, "हे २ मार्च २०१९ चं हाय. आणि राज्य शासकीय कर्मचाऱ्यांचं हाय. तुमचं विद्यापीठ यात दाखवा मला कुठाय." आम्ही दोघं स्क्रीनवर वाकून चार मिनिटं शोधतोय. नाय सापडलं. मित्राच्या हातात पेढ्याचा रिकामा बॉक्स, तो त्यानं हळूच त्यांच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.

तवापासनं मला ही युक्ती पाठ झाली, आणि फुकटची हाय म्हणून इथं सांगून टाकतो : संकेतांकाचे पहिले आकडे म्हणजे वर्ष, महिना, तारीख. जुना जीआर नवा म्हणून फिरत असेल तर तिथंच पकडता येतो. आणि दुसरं म्हणजे विभाग बघायचा. वित्त विभागानं काढलं म्हणून ते आपोआप आम्हाला लागू होत नाय, आम्हाला बऱ्याच गोष्टींसाठी उच्च व तंत्र शिक्षणचा वेगळा आदेश लागतो. सातव्या वेतन आयोगाला हेच झालं, शासनाच्या लोकांचे नियम २०१९ च्या जानेवारीत आले आणि आम्ही शिक्षकेतर वेगळ्या आदेशाची वाट बघत बसलो. त्याच २०२३ च्या फेब्रुवारीत राज्यभरच्या शिक्षकेतरांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला, त्या मागण्यांत हे १०-२०-३० होतंच. आणि मग १४ मार्चपासनं जुन्या पेन्शनचा मोठा संप, 'एकच मिशन जुनी पेन्शन'वाला, २० तारखेला मिटला. त्या महिन्यात वहिनींनी किती फलकांचं मजकूर टाइप केलं असेल देव जाणे, शुद्धलेखन मात्र आमच्या युनियनच्या पोरांपेक्षा चांगलं.

सर्व्हिसबद्दल. झेरॉक्स दोन रुपये, पाठपोट तीन. बिलाचे कागद, फॉर्म १६ ची प्रिंट, सेवापुस्तकाच्या पानांच्या प्रती, एनपीएसचं स्टेटमेंट, सगळं होतं. एनपीएसचा प्राण नंबर (खात्याचा नंबर) १२ आकडी, तो पाठ नसतो कुणाला, कार्ड न्यायला विसरू नका नायतर दोन हेलपाटे. आता ते केंद्राचं युनिफाइड पेन्शन आलंय ना, १ एप्रिल २०२५ पासनंचं, २५ वर्षं भरली तर शेवटच्या १२ महिन्यांच्या मूळ पगाराच्या सरासरीच्या निम्मी पेन्शन, त्याच्यावर रोज कोण ना कोण येऊन वहिनींनाच विचारतंय की मला किती बसेल. त्या काय अकाउंटंट न्हाईत. पण कागद काढून देतात आणि म्हणतात वाचा, पेनानं रेघा मारा, आणि मग तुमच्या लेखा विभागात विचारा. मला हे आवडतं, नायतर दुसरीकडं लोक छातीठोक सांगतात आणि चुकीचं सांगतात.

नोव्हेंबरमध्ये गर्दी बघा. हयातीचे दाखले. आमच्यातले रिटायर झालेले एक शिपाई मामा, त्यांच्यासोबत मी स्वतः गेलो होतो मागच्या वर्षी. जीवन प्रमाण म्हणतात त्याला, २०१४ पासनं हाय, आधार आणि अंगठा दिला की ऑनलाइन दाखला निघतो. तर मामांचा अंगठाच लागेना. डावा नाय, उजवा नाय, मधलं बोट नाय. वहिनींनी ओल्या फडक्यानं पुसलं, खोबरेल लावलं, परत पुसलं, मशीन आपलं लालच. मामा म्हणाले, "आयुष्यभर उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याला सुतळी आवळली आणि लाख लावली, रेघा राहतील कशा." शेवटी मोबाइलवर चेहऱ्यानं केलं, त्यात डोळ्यांची उघडझाप करा म्हणतंय, आणि मामा एकच डोळा मिटायले! वहिनींना हसू आवरेना, मामांना बी. तिसऱ्या वेळेला झालं. वहिनींनी प्रिंट लॅमिनेशन करू का विचारलं तर म्हणाले नको, पुढच्या वर्षी परत जिवंत असल्याचं सांगायला यायचंच हाय.

आता पाचवा स्टार का कापला. एक, बसायला एकच खुर्ची, तीबी टायपिंगवालीच्या मागं, आणि तिथनं पुढच्या माणसाचं सगळं स्क्रीन दिसतं. पगाराचा आकडा, कर्जाचा हप्ता, सगळं. मी एका प्राध्यापकांचा डीए न विचारता मोजला. दोन, आणि हे गंभीर हाय, टेबलावर एक लाल वही असती आणि त्यात गिऱ्हाइकांचे पासवर्ड. लोकच सांगतात, "वहिनी, तुमच्याकडंच असू दे, माझ्या ध्यानात राहत नाय." मी बोललो त्यांना की हे बरं नव्हं, उद्या वही गेली तर आमची कुंडली गेली. त्या म्हणाल्या पटतंय, आणि आता वही ड्रॉवरमध्ये असती. ड्रॉवरला कुलूप नाय. म्हणून माझं तरी सांगणं, ओटीपी आणि पासवर्ड स्वतः टाका, चष्मा विसरला असाल तर दुसऱ्या दिवशी जावा. तीन, लाइट गेली की विषय संपला, इन्व्हर्टर फक्त पंख्यापुरता.

कधी जायचं ते पण सांगतो. दुपारी दोन ते चार बरं. परीक्षेचे फॉर्म चालू असतील तर पोरांची एवढी गर्दी की आत पाऊल पडत नाय, कोल्हापूर, सांगली, सातारा तीन जिल्ह्यांची पोरं हायेत शेवटी. दीक्षान्तच्या दिवशी तर चुकूनबी जाऊ नका. आणि चैत्र पौर्णिमेला दुकान बंद, घरचे सगळे जोतिबाच्या डोंगरावर असतात, एकदा मी शटर बडवून आलोय. १८ नोव्हेंबरला, विद्यापीठाच्या वर्धापनदिनाला, उलट दुकान निवांत असतं, आमची लोकं कार्यक्रमात. त्या दिवशी गेलं की वहिनी चहा सांगतात.

आमच्या पेढेवाल्या मित्राचं सांगायचं राहिलं. परवा ग्रुपवर परत एक आलं, आठव्या वेतन आयोगाचं, फटाक्यासकट. चाळीस लोकांनी अंगठे दिले. यानं खाली एवढंच टाकलं, 'शेवटचं पान टाका'. ज्यानं पाठवलं होतं त्यानं उत्तरात गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ पाठवली.