मराठी बोलला, आणि मी हार्डडिस्क काढून दिली

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, माझं छोटं वर्कशॉप आहे. तिथल्या प्रेसचा (दाबयंत्राचा) पीएलसी, म्हणजे यंत्र चालवणारा छोटा कंट्रोलर, जुना. त्याचं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीवर चालतं, तेही प्रिंटर पोर्टात लाल डोंगल, म्हणजे लायसन्सची किल्ली, असेल तरच. मायक्रोसॉफ्टने एक्सपीला ८ एप्रिल २०१४ लाच रामराम ठोकला. आम्ही ओढत होतो.

गेल्या पावसाळ्यात पीसी अधूनमधून बंद पडू लागला. ओळखीतून एक जण आला. दारातूनच म्हणाला, "नमस्कार काका, मीपण दांडिया बाजारातलाच." दांडिया बाजार म्हणजे बडोद्यातली मराठी वस्ती. दिवसभर गुजराती-हिंदीत धंदा करणारा माणूस एवढ्यावर विरघळतो. चहा मागवला.

"एक्सपी सोडा, आमची स्वतःची इंडस्ट्रियल ओएस टाकतो. लाइफटाइम लायसन्स, पासष्ट हजार." नव्या पीसीवर सॉफ्टवेअर उघडून दाखवलं. आमचीच लॅडर, म्हणजे पीएलसीचा प्रोग्राम, पडद्यावर! चाळीस हजार दिले, 'क्लोन (हुबेहूब कॉपी) करतो' म्हणाला म्हणून जुनी हार्डडिस्कही दिली. केबल लावून पीएलसीशी बोलून दाखव, हे म्हणायचं सुचलंच नाही.

नंतर केबल लावली तर पीएलसीशी जोडणीच होईना. भाच्याने पाहिलं, खिडकीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'डेमो' लिहिलेलं. "मामा, हे साधं लिनक्स आहे, वर विंडोजची सॉफ्टवेअर्स चालवणारं वाइन. दोन्ही फुकट मिळतात." बसवण्याची मजुरी घ्यावी की, पण लायसन्स कसलं? आणि डोंगलचा ड्रायव्हर थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, बसणारा. तसले ड्रायव्हर वाइनमध्ये चालत नाहीत, म्हणून सॉफ्टवेअर नुसतं डेमोत उघडलं. नव्या पीसीला प्रिंटर पोर्टच नव्हता, म्हणून त्याने यूएसबीची प्रिंटर केबल लावून डोंगल तिला लटकवलं होतं. त्या केबलला फक्त प्रिंटर कळतो. दोष लिनक्सचा नाही हं. डॉसमधली, डोंगल नसलेली, सिरियल पोर्टवरची कितीतरी सॉफ्टवेअर्स फ्रीडॉस किंवा डॉसबॉक्स या डॉसच्या फुकट पर्यायांवर मजेत चालतात. आमचं त्यातलं नव्हतं, आणि हे त्याला पहिल्या दिवशीच दिसलं असणार.

फोन केला तर म्हणे, "उरलेले पंचवीस भरा काका, मग डिस्क." नंतर फोन उचलणंच बंद.

भाच्याने भंगारातून प्रिंटर पोर्टवाला जुना पीसी आणला, मूळ सीडीवरून सगळं टाकलं, डोंगल लावलं. इंटरनेट जोडलेलं नाही. पीएलसीतून प्रोग्राम परत ओढता आला, पण आमच्या या पीएलसीत नुसता प्रोग्राम राहतो. ओळींपुढच्या टिपा पीसीतच असतात. त्या टिपा जुन्या डिस्कबरोबर गेल्या. आता कुठली ओळ पंपाची आणि कुठली प्रेसच्या सुरक्षा-गार्डच्या स्विचची, हे प्रेस थांबवून एकेक वायर हलवत शोधतोय.